बे दाहे वीस कुठं गेलं?

गेल्या दिवाळीत सायखेड्याला घरी होतो. माझी चुलत बहीण अकरावीत आहे. तिने मोबाइलवर पायथनचं एक ॲप टाकलंय आणि व्हिडिओ बघत बघत शिकतेय. पहिला स्वतःचा प्रोग्राम म्हणून तिने बेचा पाढा निवडला. फॉर लूप, त्यात रेंज(१, १०), आत गुणाकार, मग प्रिंट. रन केलं. पाढा बे एके बे पासून छान सुरू झाला आणि बे नव्वे अठरावर थांबला.

"दादा, बे दाहे वीस कुठं गेलं?"

मी पुण्यात सहा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. या प्रश्नाचं उत्तर मला झोपेत देता येतं. म्हणालो, "रेंजमध्ये शेवटचा आकडा धरत नाहीत. तिथे अकरा लिही." तिने अकरा लिहिलं, वीस आलं. पण ती खूश झाली नाही. "मला दहापर्यंतच पाहिजे. मग त्याला अकरा कशाला सांगायचं?"

मी म्हणालो, "तसंच असतं."

बोलून गेलो आणि मग लाज वाटली. हे वाक्य मी स्वतः इंजिनिअरिंगची चार वर्षं ऐकलंय. प्रश्न विचारला की "तसंच असतं, परीक्षेत तेवढं लिहा." त्या उत्तराचा मला तेव्हा जितका राग यायचा तितकाच आता स्वतःचा आला. कारण तिचा प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे खरं उत्तर नव्हतं, फक्त सवय होती.

तर हा लेख म्हणजे तिला द्यायला हवं होतं ते उत्तर. आणि माझ्याच धंद्याशी थोडं भांडण. माझं म्हणणं एका ओळीत असं: कुठल्याही प्रोग्रामिंग भाषेत दोन आकडे देऊन 'इथपासून तिथपर्यंत' म्हटलं, तर न सांगता दोन्ही टोकं धरली गेली पाहिजेत. शेवटचं टोक सोडायचं असेल तर खुशाल सोडा, पण ते लिहिताना डोळ्यांना दिसलं पाहिजे.

*

आधी परिस्थिती किती विचित्र आहे ते बघू. 'एक ते दहा' ही पृथ्वीवरची सगळ्यात साधी गोष्ट. ती आपल्या भाषांमध्ये कशी लिहितात?

फोर्ट्रान १९५७ सालची. तिच्या लूपमध्ये १, १० लिहिलं की दहा धरून. १९६४ च्या बेसिकमध्ये 'फॉर आय = १ टू १०', दहा धरून. १९७० च्या पास्कलमध्येही 'टू' हा शब्द लिहायचा, दहा धरून. म्हणजे जिथे 'ते' हा शब्द खरोखर लिहिला जायचा तिथे त्याचा अर्थ माणसं लावतात तोच होता. पर्ल, हॅस्केल, मॅटलॅब, ज्युलिया, आर, सगळीकडे शेवट धरून. एक्सेलमध्ये पहिल्या सेलपासून दहाव्या सेलपर्यंत सिलेक्ट केलं तर दहावा सेल सुटत नाही. सुटला असता तर देशातल्या निम्म्या अकाउंटंटांनी कॉम्प्युटर खिडकीतून फेकला असता.

पायथनमध्ये रेंज(१, १०) म्हणजे नऊपर्यंत. गो भाषेत २०२४ पासून 'रेंज १०' लिहिता येतं, ते शून्य ते नऊ. रस्टमध्ये १..१० म्हणजे नऊपर्यंत, आणि दहा हवा असेल तर १..=१०. कॉटलिनमध्ये नेमकं तेच १..१० लिहिलं तर दहा धरून.

आणि आता खरी गंमत. रूबीत दोन टिंबं दिली तर शेवट धरतात, तीन दिली तर शेवट सोडतात. स्विफ्टमध्ये तीन टिंबं दिली तर शेवट धरतात. म्हणजे १...१० ही एकच अक्षरं एका भाषेत नऊला थांबतात आणि दुसरीत दहाला. सकाळी सर्व्हरचं रूबी आणि दुपारी आयफोनचं स्विफ्ट लिहिणाऱ्या माणसाने एका टिंबाचा अर्थ जेवणाच्या सुट्टीत बदलून घ्यायचा.

एकट्या पायथनचं घर तरी एकमताने चालतं का? रँडम मॉड्यूलमध्ये रँडिंट(१, ६) लिहिलं तर फाशावर सहा पडू शकतो. त्याच मॉड्यूलमध्ये रँडरेंज(१, ६) लिहिलं तर सहा कधीच पडणार नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये [०-९] लिहिलं तर नऊ धरून. पांडाजमध्ये लोक वापरलं तर शेवट धरून, आयलोक वापरलं तर सोडून. हे सगळं पाठ असणं म्हणजे 'अनुभव' असं आम्ही इंटरव्ह्यूमध्ये समजतो.

*

शेवट सोडणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. ती नीट मांडल्याशिवाय भांडणात मजा नाही.

११ ऑगस्ट १९८२ रोजी एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने दोन-तीन पानांचं एक हस्तलिखित टिपण लिहिलं. विषय होता, मोजणी शून्यापासून का सुरू करावी. आजही या विषयावर वाद झाला की कोणीतरी ते टिपण ब्रह्मास्त्रासारखं काढतं. त्यात त्याने २ पासून १२ पर्यंतचे आकडे लिहायच्या चार पद्धती मांडल्या. दोन्ही टोकं धरून, दोन्ही सोडून, फक्त खालचं धरून आणि फक्त वरचं धरून. मग म्हणाला, एकच टोक धरलं तर दोन फायदे होतात. दोन टोकांची वजाबाकी केली की थेट संख्या मिळते, १३ वजा २ म्हणजे ११. आणि शेजारच्या दोन तुकड्यांमध्ये पहिल्याचा शेवट हीच दुसऱ्याची सुरुवात असते, सांधा चुकत नाही. खालचं टोक सोडलं तर शून्यापासूनचे आकडे लिहायला उणे एकपासून सुरुवात करावी लागते, ते कुरूप. वरचं टोक धरलं तर रिकामी यादी लिहायला शेवट सुरुवातीच्याही मागे न्यावा लागतो, तेही कुरूप. म्हणून खालचं धरा, वरचं सोडा.

हा युक्तिवाद सुंदर आहे. पायथनचा निर्माता गुइडो व्हान रोसम यानेही पुढे सांगितलं की यादीचे तुकडे पाडताना अशा अर्ध्या उघड्या पद्धतीची जी सुबकता येते तिनेच त्याला शून्याकडे ओढलं. गंमत म्हणजे पायथनच्या आधी ॲम्स्टरडॅममध्ये तो ज्या एबीसी नावाच्या भाषेवर काम करत होता, ती नवशिक्यांसाठी होती. तिच्यात मोजणी एकपासून होती आणि १..१० म्हणजे दहा धरून.

पण डायक्स्ट्राचं टिपण दाखवणाऱ्यांपैकी किती जणांनी ते नीट बघितलंय? त्याने लिहिलं होतं २ ≤ आय < १३. दोन वेगवेगळी चिन्हं. पहिल्या टोकाला 'धरून'चं, दुसऱ्या टोकाला 'सोडून'चं. वाचणाऱ्याला काहीही पाठ करायची गरज नाही. जुनी सी भाषासुद्धा या बाबतीत निर्दोष आहे. तिच्या फॉर लूपमध्ये आय < १० असं लिहावंच लागतं, ते < डोळ्यासमोर असतं. नंतरच्या भाषांनी काय केलं? डायक्स्ट्राचा नियम ठेवला आणि त्याची चिन्हं पुसून टाकली. रेंज(२, १३) मध्ये उरला फक्त एक स्वल्पविराम. त्या स्वल्पविरामात 'बारापर्यंतच हं' हे कुठे लिहिलंय?

डायक्स्ट्राने पद्धत सांगितली होती, लपवायला सांगितलं नव्हतं. माझं भांडण त्याच्याशी नाही, त्या स्वल्पविरामाशी आहे.

*

"एवढ्याशा गोष्टीवर इतकं?" असं वाटत असेल तर माझी एक गोष्ट ऐका.

माझ्या आधीच्या नोकरीत आम्ही द्राक्षं खरेदी करणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. बागेतून माल उचलला की पावती, महिना संपला की त्या पावत्यांचा हिशोब आणि पैसे. स्क्रीन मी लिहायचो, सर्व्हरचा भाग दुसरा मुलगा लिहायचा. माझ्या स्क्रीनवर दोन खाने होते, 'फ्रॉम' आणि 'टू'. वापरणाऱ्याने १ जानेवारी आणि ३१ जानेवारी निवडलं की मी त्या दोन तारखा सर्व्हरला पाठवायचो. सर्व्हर लिहिणारा शिकलेला मुलगा. त्याने 'टू'चा अर्थ घेतला, या तारखेच्या आधीपर्यंत. म्हणजे ३० जानेवारीच्या मध्यरात्रीपर्यंत. फेब्रुवारीचा हिशोब १ फेब्रुवारीपासून सुरू झाला.

३१ जानेवारीच्या पावत्या जानेवारीत नाहीत आणि फेब्रुवारीतही नाहीत.

टेस्टिंगमध्ये हे सापडलं नाही, कारण टेस्टच्या पावत्या महिन्याच्या मधल्या तारखांच्या होत्या. सापडलं ते फोनवरून. एका शेतकऱ्याने ऑफिसला फोन केला आणि तो फिरत फिरत माझ्याकडे आला. "साहेब, तीसचे आले, एकचे आले. एकतीसचा माल काय उंदरांनी खाल्ला का?" जानेवारी म्हणजे द्राक्षाचा हंगाम. निफाड तालुक्यात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही की त्या दिवसांत बागवाल्याच्या डोक्यावर काय काय असतं. औषधवाल्याची उधारी, मजुरांचा आठवडा, सोसायटीचा हप्ता. आमच्या एका शब्दाच्या अर्थामुळे कितीतरी लोकांचा एक दिवसाचा माल तीन आठवडे अडकला. पैसे शेवटी सगळ्यांना मिळाले. पण मधल्या तीन आठवड्यांत कोणी कोणाला काय उत्तर दिलं असेल, ते सॉफ्टवेअरमध्ये नोंदलं जात नाही.

मीटिंग झाली तेव्हा कळलं की कोणाचाच कोड 'चूक' नव्हता. माझा 'टू' बरोबर होता, त्याचा 'टू' बरोबर होता. फक्त ते दोन वेगवेगळे 'टू' होते.

घरी आल्यावर नानांना, म्हणजे वडिलांना, हे सांगितलं. त्यांना बराच वेळ कळलंच नाही की घोळ नक्की काय. मग म्हणाले, "एकतीसपर्यंत म्हणलं म्हणजे एकतीस धरून. यात विचारायचं काय?"

मी म्हणालो, "आणि शेजाऱ्याची पाण्याची पाळी सहा ते दहा असली तर?"

"मग दहाला त्याची मोटर बंद, आपली चालू."

"मग तिथे दहा धरला का सोडला?"

नाना माझ्याकडे बघत राहिले. "घड्याळातला दहा काय धरायचा असतो का? तो बांध आहे."

*

सहा वर्षांत मी या विषयावर वाचलेल्या सगळ्यापेक्षा हे वाक्य जास्त कामाचं निघालं.

आकडे दोन प्रकारची कामं करतात. कधी आकडा म्हणजे एक वस्तू असते. पावती, पान, रोल नंबर, दिवस, पाढ्यातली ओळ. ती धरता येते. तिथे 'एक ते दहा' म्हणजे दहा वस्तू. कधी आकडा म्हणजे वस्तूंमधली खूण असते, नानांच्या भाषेत बांध. घड्याळातली वेळ, रस्त्यावरचा किलोमीटरचा दगड, मीटरचं रीडिंग. बांधाला स्वतःची जागा नसते. तो फक्त इकडचं आणि तिकडचं वेगळं करतो. तिथे एकाचा शेवट हीच दुसऱ्याची सुरुवात असते आणि तिथे डायक्स्ट्रा शंभर टक्के बरोबर आहे.

आमच्याकडच्या द्राक्षबागेत हे चालता चालता दिसतं. एका ओळीत दहा गाळे पाडायचे तर खांब अकरा लागतात. गाळे मोजणारा आणि खांब मोजणारा, दोघंही बरोबर. भांडण तेव्हा होतं, जेव्हा एक जण गाळ्यांचा आकडा सांगतो आणि दुसरा खांबांचा समजून ऑर्डर देतो.

घरातलं लाइट बिल काढून बघा. वर 'चालू रीडिंग' आणि 'मागील रीडिंग' असतं. दोन्ही बांध. वजाबाकी केली की युनिट मिळतात, आणि या महिन्याचं चालू रीडिंग हेच पुढच्या महिन्याचं मागील. पूर्ण डायक्स्ट्रा. त्याच बिलाच्या दरांमध्ये महावितरणने घरगुती वापराचे टप्पे दिलेले असतात, ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५००. इथे युनिट ही मोजलेली वस्तू आहे, म्हणून शंभरावं युनिट पहिल्या टप्प्यात धरलेलं आणि पुढचा टप्पा १०१ पासून. एकाच बिलात दोन्ही पद्धती, आणि राज्यातल्या कोणाचाही गोंधळ होत नाही. कारण वरती 'चालू' आणि 'मागील' असं लिहिलंय आणि खाली १००च्या पुढे १०१ दिसतोय. पद्धत कागदावर आहे, वाचणाऱ्याच्या डोक्यात नाही.

शाळेतल्या सांख्यिकीत हेच शिकवलं होतं. ०–१०, १०–२० असे सलग वर्ग पाडले तर दहा मार्कवाला कुठे जाणार? बाई आधीच फळ्यावर लिहून सांगायच्या की वरची मर्यादा पुढच्या वर्गात. १–१०, ११–२० असे खंडित वर्ग असतील तर दहावाला पहिल्यात. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांनाही हे न सांगता कळावं अशी अपेक्षा कोणी केली नव्हती. ती अपेक्षा फक्त आम्ही प्रोग्रामर करतो.

सहलीच्या जाहिरातवालेसुद्धा आमच्यापेक्षा प्रामाणिक आहेत. 'चार रात्री, पाच दिवस' असं दोन्ही छापतात. खांबही सांगतात आणि गाळेही.

*

आता कोणी म्हणेल, माणसांच्या भाषेतही एकवाक्यता कुठे आहे? मान्य. गणपती भाद्रपद शुद्ध चतुर्थीला येतात आणि अनंत चतुर्दशीला जातात. दोन्ही तिथी धरून मोजा, अकरा होतात. पण आपण म्हणतो दहा दिवसांचा गणपती. तिथे आपण न कळत १४ वजा ४ केलेलं असतं.

कायद्याला तर हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच पडला. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम ९ सांगतं की कायद्यात दिवस किंवा मुदत मोजताना पहिला दिवस सोडायचा असेल तर 'फ्रॉम' हा शब्द पुरेसा आहे आणि शेवटचा दिवस धरायचा असेल तर 'टू' हा शब्द पुरेसा आहे. म्हणजे आपल्या कायद्याची पद्धत पायथनच्या बरोबर उलटी. सुरुवात सोडा, शेवट धरा. लिमिटेशन ॲक्ट, १९६३ मध्येही ज्या दिवसापासून मुदत मोजायची तो दिवस वगळतात. ते बरोबर की चूक हा मुद्दा नाही. मुद्दा हा की कायदा लिहिणाऱ्यांना कळलं की हे दोन छोटे शब्द निसरडे आहेत, आणि त्यांनी त्यावर एक अख्खं कलम लिहिलं. त्यांनी 'तसंच असतं' म्हटलं नाही.

आणि मराठीने तर हा प्रश्न दोन शब्दांत सोडवलाय. धरून आणि सोडून. "मला धरून सहा जण." "आज धरून तीन दिवस." "रविवार सोडून रोज." जिथे शंका येऊ शकते तिथे आपण हे शब्द घालतो. जिथे काहीच घालत नाही, 'सोमवार ते शुक्रवार', 'अ ते ज्ञ', 'पान ५ ते १२', तिथे दोन्ही टोकं धरलेली असतात. नाशिकहून सायखेड्यापर्यंतचं तिकीट काढलं आणि कंडक्टरने चांदोरीला उतरवून सांगितलं की 'पर्यंत'मध्ये शेवटचा स्टॉप येत नाही, तर मध्ये गोदावरी आहे आणि मी पोहून जाणार नाही. मी भांडणार.

हाच डीफॉल्टचा अर्थ. डीफॉल्ट म्हणजे जे सगळ्यात सुबक ते नव्हे. डीफॉल्ट म्हणजे काहीच न सांगणाऱ्या माणसाला जे अपेक्षित असतं ते. बाकीचं सगळं सांगून करावं.

*

नेहमीचे आक्षेप मला माहीत आहेत. एकेक घेऊ.

"वजाबाकी केली की लांबी मिळते." मिळते, बांध असतील तेव्हा. पाढा लिहिणाऱ्या मुलीला लांबी नको होती, तिला दहावी ओळ हवी होती. आणि लांबी मोजायला कॉम्प्युटर आहे की. त्याची एक मिळवण्याची मेहनत वाचावी म्हणून माणसाने प्रत्येक वेळी एक मिळवायचा, हा कुठला न्याय?

"तुकडे नीट जोडले जातात." हा खरा मुद्दा. आमचा ३१ जानेवारीचा घोळ आम्ही शेवटी असाच मिटवला. आतमध्ये १ जानेवारीच्या मध्यरात्रीपासून १ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीच्या आधीपर्यंत. उलट इथे आंधळेपणाने 'धरून' वापरलं असतं तर दुसरा खड्डा होता. एसक्यूएलमधलं बिटवीन दोन्ही टोकं धरतं, पण तारखेसोबत वेळही साठवलेली असेल तर '३१ तारीख' म्हणजे ३१च्या रात्रीचे बारा वाजताचा एक क्षण, आणि दिवसभराचा माल पुन्हा बाहेर. वेळ हा बांध आहे, तिथे अर्धी उघडी पद्धतच हवी. पण आम्ही ती लिहिली >= आणि < अशी चिन्हं देऊन. आणि खान्याचं नाव 'टू' न ठेवता स्क्रीनवर स्पष्ट लिहिलं, 'ही तारीख धरून'. त्यानंतर असा फोन आला नाही.

"रिकामी यादी लिहिता येत नाही." शेवट धरणाऱ्या भाषांची ही खरी दुखरी जागा आहे. आरमध्ये १:० लिहिलं तर रिकामी यादी मिळत नाही, एक आणि शून्य असे दोन आकडे मिळतात, आणि त्यात भले भले फसलेत. स्विफ्टमध्ये १...० वर प्रोग्राम कोसळतो. पण रूबी आणि कॉटलिनमध्ये १..० म्हणजे गुपचूप रिकामं. म्हणजे हा प्रश्न पद्धतीचा नाही, निष्काळजीपणाचा आहे.

उलट शेवट सोडणाऱ्यांनी मला एक सांगावं. इंग्रजी ए ते झेड अक्षरं हवी असतील तर झेडच्या पुढचं काय लिहायचं? तिथे एक महिरपी कंस येतो. म्हणजे 'ए पासून महिरपी कंसाच्या आधीपर्यंत' असं म्हणायचं का? एका बाइटमध्ये ० ते २५५ मावतात. शेवट सोडायचा तर २५६ लिहावा लागतो आणि तो त्या बाइटमध्ये मावतच नाही. यूनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य ब्लॉकला १२८ जागा आहेत. शेवट सोडून तो लिहायचा तर शेवटी बंगालीच्या ब्लॉकची पहिली जागा लिहावी लागते. प्रत्येक गोष्टीच्या पुढे काहीतरी असतंच असं नाही. रस्टने सुरुवातीला शेवट सोडणारी पद्धत निवडली आणि तरी २०१८ मध्ये त्यांना ..= हे चिन्ह पक्कं करावं लागलं, ते उगाच नाही.

आणि शेवटचा आक्षेप, "सवय होते." हा मला सगळ्यात जास्त खटकतो. सवय आम्हाला झाली, म्हणजे जे टिकले त्यांना. पहिल्याच आठवड्यात पाढा नऊवर थांबला आणि 'मलाच येत नाही' असं वाटून ज्यांनी ॲप डिलीट केलं, त्यांना विचारायला कोण गेलं? सवय झालेल्या माणसाला अन्याय दिसत नाही, एवढंच सवयीतून सिद्ध होतं. आणि आम्हाला तरी कुठे झालीय? पक्की सवय असलेल्या दोन इंजिनिअरांनी मिळूनच तर ३१ जानेवारी गायब केला होता.

*

मग करायचं काय? पायथन बदलणार नाही. जगभरातला कोड त्या रेंजवर उभा आहे, उद्या अर्थ बदलला तर त्याहून मोठा अन्याय होईल. एवढं व्यवहारज्ञान मलाही आहे.

पण नवी भाषा, नवी लायब्ररी, नवा फॉर्म तर आपण रोज लिहितो. तिथे कॉटलिनचा रस्ता समोर आहे. साधं १..१० म्हणजे दोन्ही टोकं धरून, आणि शेवट सोडायचा तर ..< लिहायचं. त्यात ते < दिसतं. स्विफ्टनेही तेच < घेतलं. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये चौकोनी कंस दिला तर टोक धरलं, गोल कंस दिला तर सोडलं, असं स्वतः लिहिता येतं. बारावीच्या गणितातलेच कंस आहेत ते, नवीन काही शिकायला नको. आणि यातलं काहीच हाताशी नसेल तर निदान नावं तरी नीट ठेवा. 'टू' या नावाचा पॅरामीटर मी कोड रिव्ह्यूमध्ये आता पास करत नाही. टीममधली पोरं वैतागतात. मी म्हणतो, धरून की सोडून ते लिही आणि मर्ज कर.

आणि शिकवणाऱ्यांसाठी एकच विनंती. मुलाने दहा कुठे गेला असं विचारलं तर 'तसंच असतं' म्हणू नका. म्हणा की प्रश्न बरोबर आहे, ही भाषा बनवणाऱ्यांनी आकड्यांकडे बांध म्हणून बघितलं, तू वस्तू म्हणून बघतोयस, आणि त्यांनी ते लिहून ठेवलं नाही ही त्यांची चूक आहे. तुझी नाही.

मी बहिणीला हे सगळं भाऊबीजेच्या दिवशी सांगितलं. तिने अर्धंच ऐकलं. पायथनमध्ये फंक्शनचं नाव देवनागरीत ठेवता येतं हे तिला कुठूनतरी कळलं होतं. तिने 'ते' नावाचं दोन ओळींचं फंक्शन लिहिलं. आत रेंजच आहे, फक्त शेवटच्या आकड्यात एक मिळवलाय. आता ती ते(१, १०) लिहिते आणि बे दाहे वीस येतं.

मिळवायचा तो एक तिने एकदाच मिळवला. आमच्या धंद्याला एवढंच करायचं होतं.